गाडीतून येणारा माणूस गरीब कसा?

प्रश्न थोडक्यात असा: ओहायोतल्या कोलंबसच्या एका मराठी कुटुंबाने मंडळातर्फे दिवाळीत डबाबंद अन्न गोळा केलं आणि जवळच्या फूड पॅन्ट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रात, नेऊन दिलं. तिथे रांगेतली माणसं स्वतःच्या गाड्यांतून उतरत होती, हातात स्मार्टफोन होते, दोघी-तिघींच्या अंगावर तर रुग्णसेवेच्या कामाचा गणवेश होता. ‘हे लोक खरंच गरजू आहेत का? आणि असतील तर आमच्या डब्यांचा त्यांना उपयोग होतो का?’

मी याच शहरात सतरा वर्षं हे काम करते आहे. पहिली सहा वर्षं एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर होते, नोकरी करता येत नव्हती, म्हणून शनिवारी एका चर्चच्या तळघरात बटाटे निवडायला जायचे. पुढे ग्रीन कार्ड आलं आणि तिथेच पगारावर लागले. तुम्हाला पडलेला पहिला प्रश्न मलाही पहिल्याच शनिवारी पडला होता आणि रांगेसमोर उभी राहून मी तो मोठ्याने विचारलाही होता. नशीब, मराठीत.

त्या गणवेशातल्या बाईचाच हिशेब मांडू. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची अंघोळ-औषधं बघते. ताशी १५ डॉलर. तास आठवड्याला ३२, कारण त्याहून जास्त तास एजन्सी सहसा देत नाही. वर्षाचे झाले २४,९६० डॉलर, महिन्याचे २,०८०. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (म्हातारपणच्या पेन्शन-विम्यासाठीची सरकारी कपात) आणि कोलंबस शहराचा अडीच टक्के कर कापून हातात साधारण १,८७० येतात. दोन मुलं, दोन खोल्यांचं घर, भाडं १,२००. उरले ६७०. गाडीचा हप्ता आणि विमा मिळून ३५०, वीज-गॅस १५०, फोन ४०. राहिले १३०. त्यात पेट्रोल, साबण, मुलाचे बूट, शाळेची सहल. मुलांच्या पाळणाघराला सरकारी मदत आहे आणि मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा आहे म्हणून हा हिशेब इथपर्यंत तरी येतो.

तिच्या घरी टीव्ही आहे, फ्रिज आहे, मुलांच्या अंगावर चांगला कोट आहे. या देशात वस्तू स्वस्त आहेत. जुना टीव्ही तर लोक रस्त्याकडेला ठेवून जातात. महाग आहे ते छप्पर, डॉक्टर, पाळणाघर आणि कामावर पोचणं. त्यामुळे इथल्या गरिबाच्या घरात वस्तू दिसतात आणि पंचवीस तारखेला चाळीस डॉलर नसतात. सोलापूरच्या दुष्काळातली गरिबी डोळ्यासमोर ठेवून इथे बघायला गेलात तर काहीच दिसणार नाही. मलाही दिसली नव्हती.

गाडीचं म्हणाल तर ती इथे कामाची अट आहे. कोलंबसची गोदामं रिकनबॅकर विमानतळाच्या बाजूला, ग्रोव्हपोर्टकडे आहेत. रात्रीची पाळी सुटते तेव्हा बस कुठे असते? आणि फोनवर तर पाळीचं वेळापत्रकच येतं. फोन बंद म्हणजे काम बंद. गरीब माणसाने फोन विकून डाळ घ्यावी असं वाटणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की उद्याची पाळी त्याला कोण कळवणार?

आता ती गाडी बंद पडली असं धरा. अल्टरनेटर गेला, गॅरेजवाला ६०० सांगतो. फेडरल रिझर्व्ह ही इथली मध्यवर्ती बँक दरवर्षी लोकांना विचारते, अचानक ४०० डॉलरचा खर्च आला तर रोखीने भागवाल का? २०२४ च्या पाहणीत ६३ टक्के लोकांनी हो म्हटलं. म्हणजे तिघांतल्या एकापेक्षा जास्त माणसांना ते जमत नाही. आमच्या बाईने भाड्यातले पैसे गॅरेजला दिले, कारण गाडी नाही तर पगारच नाही. भाडं राहिलं, त्यावर उशिराचा दंड बसला. ओहायोत घरमालकाने दारावर तीन दिवसांची नोटीस लावली की तो कोर्टात इव्हिक्शनचा, म्हणजे घर खाली करून घेण्याचा दावा लावू शकतो. पुढे तिने पैसे भरून दावा मिटवला तरी दावा लागल्याची नोंद राहते, आणि पुढचा घरमालक ती बघून अर्ज बाजूला ठेवतो. मी अशा किती बायका बघितल्या ते मोजणं सोडून दिलं. सुरुवात बहुतेक वेळा एका गाडीच्या बिलाने, नाहीतर मुलाच्या तापाने झालेली असते.

‘मग सरकारच्या लेखी ती गरीब आहे का?’ आहे, पण काठावर. २०२५ ची दारिद्र्यरेषा तीन माणसांच्या घराला २६,६५० डॉलर होती. ही रेषा कुठून आली ते ऐकण्यासारखं आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत मॉली ओर्शान्स्की नावाच्या अर्थतज्ज्ञ बाई होत्या. सरकारने ठरवलेला सगळ्यात काटकसरीचा आहार घेतला, त्याचा खर्च काढला आणि त्याला तीनने गुणलं. १९५५ च्या पाहणीत घरं उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग खाण्यावर घालवताना दिसली होती, म्हणून तीन. १९६९ मध्ये तो आकडा सरकारी झाला आणि तेव्हापासून त्याला महागाईचं ठिगळ लावत चाललो आहोत. आज घरखर्चात खाण्याचा वाटा कितीतरी कमी आहे; भाडं आणि पाळणाघर छातीवर बसलंय. आणि ही रेषा अलास्का, हवाई सोडून सगळीकडे एकच. मॅनहॅटनलाही तीच आणि मिसिसिपीच्या खेड्यालाही तीच. या मापाने २०२४ मध्ये देशातले १०.६ टक्के लोक गरीब होते, म्हणजे साधारण ३ कोटी ५९ लाख. आमच्या रांगेतले निम्मे लोक त्या आकड्यात बसत नाहीत. ते रेषेच्या जरा वर आहेत, आणि तिथलं जगणं काही वेळा रेषेखालच्यापेक्षा अवघड असतं.

कारण वर सरकलं की मदत सुटते. आमच्याकडची एक बाई ताशी दीड डॉलर वाढ आणि सुपरवायझरचं पद नाकारून आली. माझ्याबरोबरची नवी मुलगी म्हणाली, ‘महत्त्वाकांक्षाच नाही.’ मी कागद घेऊन बसले. पगार वाढला की फूड स्टॅम्प (खाण्याच्या सामानासाठीची सरकारी मदत) थोडे घटतात, पाळणाघराचा तिचा वाटा चढतो, आणि एका टप्प्याला मेडिकेड जाऊन कंपनीचा विमा घ्यावा लागतो. बेरीज-वजाबाकी करून तिच्या हातात वर्षाला जवळपास काहीच जास्त येत नव्हतं, वर रात्रीचे फोन. तिने हे गणित मनातल्या मनात केलं होतं. आम्हाला कागद लागला.

फूड स्टॅम्प हा जुना शब्द. २००८ पासून त्याचं नाव स्नॅप आहे आणि पैसे ईबीटी कार्डावर येतात, पण रांगेत अजून सगळे फूड स्टॅम्पच म्हणतात. २०२४ मध्ये अंदाजे ४ कोटी २० लाख लोकांचं पोट या कार्डावर कमीजास्त अवलंबून होतं. मात्र त्यावर साबण मिळत नाही, डायपर नाहीत, सॅनिटरी पॅड नाहीत, टॉयलेट पेपर नाही, दुकानात भाजलेली गरम कोंबडीही नाही. तीच कोंबडी गार करून फ्रिजमध्ये ठेवली की चालते! डायपरचा पेच तर विचित्रच आहे. बहुतेक पाळणाघरं रोजचे डिस्पोजेबल डायपर घरून आणायला सांगतात. डायपर नाहीत तर बाळ पाळणाघरात नाही, बाळ घरी तर आई कामावर नाही. वीस डॉलरच्या पुडक्यावर नोकरी अडलेली मी बघितली आहे.

समाजाने केलेल्या कामाचा इतिहास मोठा आहे. मी दोनच गोष्टी सांगते. १९६७ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्सला जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ अन्नछत्रात विनावेतन काम करत होते. तिथे येणाऱ्या एका आईने त्यांना सांगितलं, की ती दुकानांच्या मागच्या कचरापेटीत टाकलेलं चांगलं अन्न काढून मुलांना घालते. पैसे ठेवायला बँक असते तशी अन्नाला का नसावी? त्यातून सेंट मेरीज फूड बँक निघाली, देशातली पहिली. आज फीडिंग अमेरिका या जाळ्यात अशा सुमारे २०० फूड बँका आहेत. फूड बँक म्हणजे घाऊक गोदाम आणि पॅन्ट्री म्हणजे तिथून माल आणून घरोघरच्या लोकांना देणारं किरकोळ दुकान, हा फरक लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल. आमचं गोदाम मिड-ओहायो फूड कलेक्टिव्ह, शहराच्या दक्षिणेला ग्रोव्ह सिटीत.

दुसरी गोष्ट जानेवारी १९६९ ची, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची. ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये शाळेआधी मुलांना फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली आणि बघता बघता तो कितीतरी शहरांत पसरला. सरकारची शाळेतल्या नाश्त्याची योजना १९६६ पासून प्रायोगिकच होती, ती १९७५ मध्ये कायमची झाली. श्रेय कोणाला किती यावर लोक भांडतात. सरकारची योजना कायमची होण्याआधीच शेजाऱ्यांची चूल पेटलेली होती, एवढं मात्र तारखांवरून दिसतं.

आता जे सांगते ते माझ्या पोटावर पाय देणारं आहे, पण सांगायला हवं. पॅन्ट्रीने गरिबी हटत नाही. फूड बँका एक जेवण पुरवतात तेव्हा स्नॅप नऊ पुरवतं, असा फीडिंग अमेरिकाचाच हिशेब आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारचं कामकाज ठप्प असताना कार्डावरचे पैसे लांबले, तेव्हा आमची रांग तळघराच्या जिन्यावरून रस्त्यापर्यंत गेली आणि शनिवारी बाराच्या आत कपाटं रिकामी झाली. त्या आठवड्यात कोणीही कितीही डबे आणले असते तरी ती भर पुरी पडली नसती. उलट २०२१ आठवतं. त्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत केंद्राने मुलांमागे महिन्याला रोख पैसे दिले: सहा वर्षांखालच्या मुलाला ३००, त्यावरच्याला २५०. जनगणना खात्याच्या पूरक मापाने (यात सरकारी मदतही उत्पन्नात धरतात) त्या वर्षी बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आलं. योजना बंद झाली आणि २०२२ मध्ये आकडा १२.४. आम्हाला तो ५.२ चा आकडा पुढच्या वर्षी कळला. रांग छोटी झालेली त्याच हिवाळ्यात दिसली होती. एक नेहमीचा माणूस मुद्दाम सांगायला आला, की चारही टायर नवे घातले. दाखवायला मला पार्किंगमध्ये घेऊन गेला.

म्हणून पॅन्ट्री बंद करायची का? छे. गाडीचं बिल आणि पगार यांच्यामधले ते आठ-दहा दिवस कोणीतरी निभावून न्यावे लागतात, आणि ते दिवस आम्ही निभावतो. शिवाय पिशवी घ्यायला आलेला माणूस बोलतो. बोलता बोलता कळतं की गॅसची नोटीस आली आहे. मग थंडीच्या बिलासाठी केंद्राची लाइहीप योजना आहे हे सांगता येतं, मदतीची माहिती देणारा २११ नंबर फिरवून देता येतो, अर्ज भरायला शेजारी बसता येतं. आमचं खरं काम पिशवीच्या अलीकडे-पलीकडे चालतं.

तुमच्या डब्यांकडे येते. मंडळाचं मन मोठं आहे, यात शंका नाही. पण दर नोव्हेंबरात आमच्याकडे हिरव्या शेंगांच्या डब्यांचा डोंगर होतो, कारण प्रत्येकाच्या घरात मागे पडलेला डबा तोच असतो. एकदा एका मुलीने पिशवीतून चार डबे काढून परत ठेवले. विचारलं तर म्हणाली, ओपनर नाही. ती मोटेलमध्ये राहात होती, आठवड्याच्या भाड्याने, खोलीत फक्त मायक्रोवेव्ह. तेव्हापासून कडी ओढून उघडणारे डबे आम्ही वेगळे ठेवतो आणि ओपनर विकत घेतो. तुम्ही दुकानात किरकोळ दराने डबा घेता, त्याच पैशांत फूड बँक घाऊक भावाने पुष्कळ जास्त माल उचलते, आणि अंडी, दूध, कांदे अशा डब्यात न येणाऱ्या वस्तूही घेते. पैसे देणं रुक्ष वाटतं, फोटो चांगला येत नाही, हे मला मान्य आहे. मुलांना दानाचा संस्कार लावायचा म्हणून वस्तूच द्यायच्या असतील तर डायपर आणा, मोठ्या मापाचे, पाच आणि सहा नंबरचे. लहान मापाचे सगळेच आणतात. पॅड आणा, साबण आणा. घरचे मोदक आणि गणपतीच्या जेवणातलं उरलेलं श्रीखंड मात्र आणू नका. घरगुती शिजवलेलं अन्न आम्हाला वाटता येत नाही, आणि ते परत करताना माझा जीव तुटतो.

आपल्या लोकांना जे जमतं आणि इतरांना जमत नाही, असंही काही आहे. सरकारी मालात आमच्याकडे अख्ख्या मसुरांच्या पिशव्या येतात. हिरवट-तपकिरी, चांगले असतात. कोणी नेत नव्हतं. कसे शिजवायचे माहीत नाही, राजम्यासारखे रात्रभर भिजवावे लागतील अशी समजूत. आम्ही एका शनिवारी शेगडी आणून समोर शिजवले: भिजवायचे नाहीत, पंचवीस मिनिटं, कांदा, आणि मसाल्याऐवजी पॅन्ट्रीतलाच साल्साचा अर्धा डबा. आमटी म्हणायला माझी जीभ वळली नाही, पण दोन वाजेपर्यंत मसूर संपले.

आणि कोलंबसमध्ये भूतानहून हाकललेल्या नेपाळी भाषकांची फार मोठी वस्ती आहे. १९९० च्या सुमारास देश सुटला, मग नेपाळमधल्या छावण्यांत कितीतरी वर्षं, आणि २००८ पासून इकडे. अनेक जण गोमांस खात नाहीत आणि आम्ही त्यांना बीफ स्ट्यूचे डबे देत होतो! ते मुकाट्याने नेत आणि शेजाऱ्याला देत. इंग्रजी न येणाऱ्या आजोबांसाठी मी उत्साहाने देवनागरीत पाट्या लिहिल्या. एका आजोबांनी ‘तांदूळ’ अक्षर अक्षर लावून वाचलं, नातीकडे बघितलं, तिला कळेना, मला कळेना की यांना का कळत नाही. शेवटी पोत्यात हात घालून ते म्हणाले, ‘चामल!’ त्यांनीच माझ्या हातातून मार्कर घेऊन पाटी सुधारली. मीठ म्हणजे ‘नून’, तेही त्यांनीच लिहिलं. जुलै २०२५ च्या कायद्याने केवळ निर्वासित म्हणून मिळणारे फूड स्टॅम्प बंद केले, त्यामुळे नव्याने येणाऱ्या निर्वासितांना अशा पाट्यांची गरज वाढलीच आहे. तुमच्या मंडळात हिंदी बोलणारे आणि देवनागरी वाचणारे शंभर लोक असतील. पाट्या लिहिण्याआधी शब्द तेवढे त्या नेपाळी आजोबांना विचारा.

सगळ्यात जास्त उपयोगाचं काम मात्र जानेवारीअखेर सुरू होतं आणि १५ एप्रिलला संपतं. कमावत्या गरिबांना करातून परत मिळणारी ईआयटीसी ही रक्कम १९७५ पासून आहे. दोन मुलं असतील तर २०२५ च्या उत्पन्नावर ती ७,००० डॉलरच्या वर जाऊ शकते. वर हिशेब केला त्या बाईला वर्षात एकगठ्ठा मिळणारी ती सगळ्यात मोठी रक्कम. त्यातच अल्टरनेटर, थकलेलं भाडं, डिपॉझिट सगळं बसतं. पण कित्येक जण रस्त्यावरच्या दुकानात विवरणपत्र भरून घेतात आणि त्यातले दोन-चारशे डॉलर तिथेच सोडून येतात. आयआरएसची, म्हणजे केंद्राच्या कर खात्याची, व्हिटा नावाची योजना आहे: स्वयंसेवक ऑनलाइन शिकतात, परीक्षा देतात आणि लोकांचे कर फुकट भरून देतात. आकड्यांशी खेळणारी माणसं आपल्याकडे काय कमी आहेत? दोन शनिवार दिलेत तर पन्नास दिवाळ्यांच्या डब्यांपेक्षा जास्त पैसे तुमच्या हातून योग्य घरी जातील. एच-वन (नोकरीचा व्हिसा) किंवा एच-फोरवर असाल तर एवढं पाळा, की एरवी पगारी माणूस करतो ते काम फुकटात करायला बसू नका. जिथे सगळेच स्वयंसेवक असतात तिथे सहसा अडचण येत नाही.

जाता जाता आणखी एक. आपली माणसं या रांगेत नसतात असं समजू नका. शिकायला आलेली मुलं असतात, नवऱ्याने सोडलेली एच-फोरवरची बाई असते. व्हिसावर असल्याने त्यांना फूड स्टॅम्प मिळत नाहीत. ग्रीन कार्ड मिळालेल्या बहुतेक प्रौढांनाही पहिली पाच वर्षं १९९६ च्या कायद्याने दार बंद असतं. आमच्या पॅन्ट्रीत कागद विचारत नाही, तरी मराठी आवाज ऐकला की ती माणसं मान फिरवतात. ओळख दाखवायची की नाही ते मी त्यांच्यावर सोडते.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगचा सण असतो, त्या आठवड्यात येऊ नका. तेव्हा रांगेतल्यांपेक्षा स्वयंसेवक जास्त असतात आणि त्यांना काम पुरवणं हेच आम्हाला काम होऊन बसतं. फेब्रुवारीत या. तेव्हा बर्फ असतो, कोणी येत नाही, आणि गॅसची बिलं पोचलेली असतात. शनिवारी साडेआठला, मागच्या दाराने. पुढचं दार दहापर्यंत बंद असतं. बूट जुने घाला. बटाट्यांची पोती खालून ओली असतात.